कुप्याचा हंगाम आणि अग्निबाण

उचिनौराच्या डोंगरा,

तुझ्याकडे पाहून कुणाला उड्डाणतळ सुचावा असं तुझ्यात काही नव्हतं. अशा कामाला सपाट जमीन लागते, ही समजूत काही भाबडी नाही. फ्लॉरिडातलं केप कॅनव्हेरल सपाट आहे, कझाकस्तानातलं बैकोनूर क्षितिजापर्यंत सपाट आहे, आणि आमचं श्रीहरिकोटा म्हणजे पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामधली वाळूची पट्टी. अवजड सांगाडे रुळांवरून सरळ न्यायचे, इंधनाचे साठे एकमेकांपासून लांब ठेवायचे, काही फुटलंच तर चहूबाजूंनी मोकळं असावं. यातलं तुझ्याकडे काय होतं? क्युशू बेटाच्या दक्षिणेला, ओसुमी द्वीपकल्पाच्या पूर्वेकडच्या अंगाला तू समुद्रातून थेट वर चढलेला. झाडीनं गच्च. एक सोंड उतरते न उतरते तोच दुसरी चढायला लागते. पायथ्याशी मच्छीमारांचं गाव आणि त्याचा लहानसा उपसागर. कागोशिमा शहरातून यायचं तर आधी आखात पार करायचं आणि मग वळणावळणांचा रस्ता.

तरी १९६२ पासून लहानमोठे चारशेहून अधिक अग्निबाण तुझ्या माथ्यावरून सुटले. जपानचा पहिला उपग्रह तुझ्यावरून गेला. लघुग्रहावरची धूळ पृथ्वीवर घेऊन येणारं जगातलं पहिलं यानही तुझ्यावरूनच गेलं. ही कौतुकं तुला पुष्कळांनी ऐकवली असतील. मला बोलायचंय ते तुला कापलं कसं आणि कुणाकुणाला विचारून, याबद्दल.

तुला शोधणारा माणूस मुळात विमानवाला. हिदेओ इतोकावा युद्धकाळात नाकाजिमा कंपनीत लढाऊ विमानं आखत. ‘हायाबुसा’ नावाच्या विमानाच्या आराखड्यात त्यांचा हात होता. युद्ध हरल्यावर जपानला विमानं बनवायला बंदी झाली आणि ती उठेपर्यंत बाकीचं जग जेटवर पोचलं होतं. टोकियो विद्यापीठातल्या या प्राध्यापकानं मग विमानाचा नाद सोडून अग्निबाण धरला. १२ एप्रिल १९५५ रोजी टोकियोजवळच्या कोकुबुंजीत त्यांनी चारचौघांसमोर पहिला अग्निबाण उडवून दाखवला. त्याची लांबी २३ सेंटिमीटर. नावही ‘पेन्सिल’च. आणि तो वर नाही, आडवा उडवला! वर गेलेल्या अग्निबाणाचा माग काढायला रडारच नव्हतं. म्हणून तारा लावलेले कागदी पडदे ओळीनं उभे केले, पेन्सिल ते फाडत गेली आणि कुठली तार कधी तुटली यावरून तिचा वेग काढला. पैसा नसणं आणि डोकं असणं ही जोडी पुढे तुझ्या अंगाखांद्यावरही वावरणार होती.

पेन्सिलीनंतरचे मोठे अग्निबाण उत्तरेतल्या अकिता जिल्ह्यात मिचिकावाच्या किनाऱ्यावरून सुटू लागले. पण तो किनारा जपानी समुद्राचा, आणि त्या समुद्रापलीकडे लगेच आशिया खंड. १९६० मध्ये कप्पा मालिकेतला आठव्या क्रमांकाचा अग्निबाण सुमारे २०० किलोमीटर उंची गाठू लागला, तेव्हा पुढचा मोठा अग्निबाण पाण्यातच पडेल याची खात्री कुणी द्यायची? मोकळं पाणी हवं, आणि तेही पूर्वेला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तुझ्या अक्षांशावर हा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर भरतो. पूर्वेकडे फेकलेल्या अग्निबाणाला तेवढं बळ फुकट मिळतं. हे वाचताना मला आमचं कोकण आठवलं. तुझ्यासारखेच डोंगर, तशीच समुद्रात उतरलेली सोंड, खाली तशीच गावं. फक्त समुद्र उलट्या बाजूला. रत्नागिरीहून पूर्वेकडे अग्निबाण सोडायचा तर खाली अख्खा देश पसरलेला. एवढ्या एका कारणानं आमचे सडे या भानगडीतून सुटले.

इतोकावा प्रशांत महासागराच्या काठानं जागा बघत फिरले आणि १९६० मध्ये तुझ्यापाशी आले. त्या भेटीची एक गोष्ट सांगतात. गाडी घाटातून जात होती, प्राध्यापकमहाशयांना लघवीला लागली, म्हणून नागात्सुबो नावाच्या वाडीजवळ गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या समोर नजर टाकली तर खाली नुसता महासागर. आणि तिथंच त्यांनी जागा ठरवून टाकली. गोष्ट थोडी रंगवलेली असेल. पण जपानच्या अवकाश इतिहासाची ही सुरुवात मला फार आवडते, कारण तिच्यात कुणी हात उंचावून भविष्याकडे बोट दाखवत उभं नाही.

डोंगराळ जागा पाहून हसणाऱ्यांना इतोकावांनी काय दाखवलं असेल, ते आज तुझा नकाशा समोर धरला की कळतं. एकच भलंमोठं मैदान तयार करायचंच नाही. वेगवेगळे माथे छाटायचे, निघालेली माती बाजूच्या घळीत भरायची आणि प्रत्येक माथ्यावर एक काम ठेवायचं. एकावर सोडण्याचा मंच, दुसऱ्यावर अग्निबाणाकडून येणारे संदेश टिपणारी यंत्रं, तिसऱ्यावर रडार. मियाबारूच्या माथ्यावर रडार आहे, तिथून मंच समोर दिसतो. सपाट जागेवर अशी नजर मिळवायची तर मनोरे उभारावे लागतात. तुझ्याकडे ते आयते होते. मंचावर स्फोट झालाच तर मधली धार त्याचा धक्का अडवते. आणि मंचापुढचा उतार सरळ समुद्राकडे जात असल्यामुळे अग्निबाण तिरका, समुद्राकडे तोंड करून सोडता येतो. बिघडला तर माणसांवर न पडता पाण्यात पडावा, हा हेतू. आमच्याकडे अशा गोष्टीला लगेच जुगाड म्हणतात आणि टाळ्या वाजवतात. हा जुगाड नव्हता. जमिनीचा प्रत्येक दोष कशाच्या उपयोगी पडेल हे आधी बसून काढलेलं गणित होतं.

२ फेब्रुवारी १९६२ रोजी तुझ्यावर पहिली कुदळ पडली. काम सावकाश चाललं असतं, पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात मिचिकावाला एक कप्पा अग्निबाण सुटताच फुटला, जळते तुकडे किनाऱ्यावर पडले. कुणाचा जीव गेला नाही, तो किनारा मात्र बंद झाला. आता जपानी संशोधकांकडे तुझ्याशिवाय जागाच उरली नाही. ऑगस्टात, तुझं अर्धं अंग उकरलेलं असतानाच, तुझ्यावरून पहिला छोटा अग्निबाण सुटला. रीतसर उद्घाटन झालं ते ९ डिसेंबर १९६३ रोजी.

रस्त्याचं मात्र सांगायला हवं. यंत्रं वर न्यायला धड रस्ता नव्हता तेव्हा गावच्या महिला मंडळातल्या बायका रस्त्याच्या कामाला आल्या. मासेमारीच्या गावातल्या बायका, घरचं आणि बंदरावरचं काम आटोपून आलेल्या. टोकियोहून येणाऱ्या संशोधकांना त्यांनी रांधून वाढलं. या संशोधकांची मुक्कामाची सोय गावातल्याच खाणावळींत आणि घरांत होती. उड्डाणाआधी कागदाचे हजार क्रौंच पक्षी ओवून दिले, जपानात शुभेच्छा म्हणून देतात तसे. मोठ्या प्रकल्पांच्या इतिहासात या बायका ‘स्थानिकांच्या सहकार्याने’ एवढ्या दोन शब्दांत मावतात. माझा आक्षेप त्यालाच आहे. त्यांचं श्रमदान गोड होतं म्हणून सांगत नाही. गावानं हा तळ आपला मानला तो या रस्त्यामुळे, आणि पुढे चार वेळा अपयश आलं तेव्हा गावानं या संशोधकांना परकं केलं नाही तेही त्यामुळे, असं मला वाटतं. काँक्रीट ओतण्याआधी ही भरणी झाली होती.

पण उचिनौरा गाव म्हणजे सगळा समुद्र नव्हे. तुझ्यासमोरच्या पाण्यात शेजारच्या मियाझाकी जिल्ह्याच्या होड्याही येतात, कुप्याच्या मागे. कुपा म्हणजे आता हॉटेलांच्या कार्डावर ट्यूना म्हणून मिरवतो तो. अग्निबाण सुटायचा त्या दिवशी त्याचे रिकामे टप्पे पडतील तेवढा समुद्र मोकळा ठेवावा लागतो. हवा बिघडली की उड्डाण उद्यावर, उद्याचं परवावर. प्रत्येक वेळी होड्या बंदरात. त्यात जवळच्याच तानेगाशिमा बेटावर सरकार आणखी एक तळ उभारायच्या तयारीला लागलं, आणि मच्छीमार संघटनांनी सरळ विरोध केला. १९६७ च्या एप्रिलमधल्या उड्डाणानंतर तुझा मंच गप्प झाला, तो जवळजवळ दीड वर्ष. देशाची इभ्रत, विज्ञान, शेजारी चीन काय करतोय, सगळी कारणं हाताशी होती. पण होड्या हटवायला गस्ती नौका पाठवल्या नाहीत. बोलणी केली.

त्या बोलण्यांतून जे ठरलं ते मला तुझ्या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं अभियांत्रिकी काम वाटतं. अग्निबाण सोडायचे ते वर्षातल्या दोन ठरावीक मुदतींत: हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळा सरता सरता. बाकीचं वर्ष समुद्र मच्छीमारांचा. हे कागदावरचं कलम राहिलं नाही. १९७० च्या ‘ओसुमी’पासून १९९७ च्या ‘हारुका’पर्यंत तुझ्यावरून कक्षेत गेलेल्या प्रत्येक उपग्रहाची तारीख काढून बघ. जानेवारी, फेब्रुवारी, ऑगस्ट, सप्टेंबर. पाचवा महिना नाही. क्ष-किरणांचं आकाश पाहणारा ‘हाकुचो’ २१ फेब्रुवारी १९७९ ला गेला, ‘तेन्मा’ २० फेब्रुवारी १९८३ ला, ‘गिंगा’ ५ फेब्रुवारी १९८७ ला, सूर्याकडे बघणारा ‘योहको’ ३० ऑगस्ट १९९१ ला. कृष्णविवरांवरचे आणि न्यूट्रॉन ताऱ्यांवरचे शोधनिबंध वाचणाऱ्या कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही की त्या दुर्बिणी कधी वर जायच्या हे कुपा कधी येतो यावरून ठरलं होतं.

याची किंमतही होती. ग्रहांकडे जायचं तर मुहूर्त ग्रह ठरवतात, आणि ते कुणाच्या हंगामाला भीक घालत नाहीत. हॅलेच्या धूमकेतूकडे निघालेली ‘साकिगाके’ आणि ‘सुइसेई’ ही दोन यानं १९८५ च्या जानेवारीत आणि ऑगस्टात बसवता आली, हे सुदैव. अमेरिका आणि सोव्हिएत संघ सोडून दुसऱ्या कुणी पृथ्वीची ओढ तोडून सूर्याभोवती यान पाठवण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि तेही निव्वळ घन इंधनावर. पण मंगळासाठी आणि लघुग्रहासाठी महिना निवडायची मोकळीक हवी होती. पुन्हा बोलणी झाली. १९९७ पासून वर्षाचे १९० दिवस मिळाले, म्हणूनच ‘नोझोमी’ १९९८ च्या जुलैत आणि ‘हायाबुसा’ २००३ च्या मे महिन्यात निघू शकलं. दिवसांचं बंधन पूर्ण सुटायला २०११ उजाडलं. म्हणजे पहिल्या विरोधापासून चार दशकांहून जास्त. कुणाला हे हास्यास्पद वाटेल. मला यात एका देशाची सभ्यता दिसते, आणि असं मला जपानबद्दल सरसकट वाटत नाही. नारिता विमानतळाच्या जमिनीसाठी याच देशानं शेतकऱ्यांवर पोलिस घातले होते, तेही त्याच काळात.

आता तुझ्या चार अपयशांकडे येतो. लॅम्डा मालिकेतला चार टप्प्यांचा अग्निबाण, साडेसोळा मीटर लांब, वजन साडेनऊ टनांच्या आत. उपग्रह कक्षेत ठेवणारा इतका लहान अग्निबाण तोवर कुणी उडवला नव्हता. आणि त्याला सुकाणू नव्हतं! वाटेत दिशा चुकली तर ती सुधारणारी मार्गदर्शन यंत्रणा त्यात मुद्दामच नव्हती, कारण अशी यंत्रणा बसवलेला अग्निबाण आणि क्षेपणास्त्र यांत फार अंतर राहत नाही. कप्पाचं तंत्र युगोस्लाव्हिया आणि इंडोनेशियाला विकलं गेल्यावरून संसदेत आधीच प्रश्न उठले होते. युद्धात होरपळलेल्या देशाला ही भीती पोकळ वाटणं शक्य नव्हतं. मग उपाय काय? तुझ्या माथ्यावरून अग्निबाण नेमक्या कोनात तिरका सोडायचा, शेपटीच्या पंखांनी आणि गिरकीनं तो स्थिर ठेवायचा, गुरुत्वाकर्षण त्याला हळूहळू वाकवत नेईल तसं जाऊ द्यायचं. तीन टप्पे जळून गेल्यावर चौथा टप्पा हवा नसलेल्या उंचीवर एकदाच आडवा वळवायचा, फिरवायचा, आणि मार्गाच्या सर्वोच्च बिंदूवर पेटवायचा. सगळी मदार सोडतानाच्या कोनावर आणि त्या दिवशीच्या वाऱ्यावर. वाऱ्याचं माप घेऊन शेवटच्या घटकेपर्यंत कोन बदलत.

सप्टेंबर १९६६, डिसेंबर १९६६, एप्रिल १९६७: तीनदा उपग्रह हुकला. एकदा चौथा टप्पा पेटला नाही, एकदा तिसराच पेटला नाही. वर्तमानपत्रांनी पैशांच्या हिशेबावरून इतोकावांना धारेवर धरलं आणि १९६७ मध्ये ते विद्यापीठ सोडून गेले. प्रयोगाची धुरा तामिया नोमुरा यांच्याकडे आली. सप्टेंबर १९६९ मधलं चौथं अपयश तर चुटपुट लावणारं. सगळे टप्पे नीट पेटले. पण विझलेल्या तिसऱ्या टप्प्यात उरलीसुरली धग होती, तिनं त्याला पुढे ढकललं आणि सुटा झालेला तो टप्पा मागून येऊन चौथ्यावर आदळला. पुढच्या वेळी त्याला मागे खेचणारे छोटे अग्निबाण बसवले.

११ फेब्रुवारी १९७०, दुपारचे १ वाजून २५ मिनिटं. या वेळी सगळं जमलं. अडीच तासांनी पृथ्वीला फेरी घालून आलेल्या उपग्रहाचा संदेश तुझ्याच माथ्यावरच्या अँटेनानं पकडला. चौथ्या टप्प्याच्या सांगाड्यासकट जेमतेम २४ किलोचा उपग्रह. त्याला तुझ्या द्वीपकल्पाचं ‘ओसुमी’ हे नाव दिलं. सोव्हिएत संघ, अमेरिका आणि फ्रान्सनंतर स्वतःच्या बळावर उपग्रह सोडणारा जपान चौथा देश. चीन त्याच वर्षी एप्रिलमध्ये पाचवा झाला. उपग्रहाचे विद्युतघट उष्णतेनं पंधरा तासांच्या आतच थकले आणि आवाज बंद झाला. इतोकावा तेव्हा मध्यपूर्वेच्या वाळवंटात गाडी चालवत होते आणि ही बातमी त्यांनी गाडीतल्या रेडिओवर ऐकली, असं सांगतात. त्यांच्याबद्दलच्या गोष्टींत गाडी का सारखी येते कोण जाणे.

आमच्याकडचं थोडं सांगतो. तुझं उद्घाटन झालं त्याआधी तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळात थुंबा इथून आमचा पहिला अग्निबाण सुटला. अग्निबाण अमेरिकेचा, जागा आमची. विक्रम साराभाईंनी थुंबा निवडलं कारण चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं. तिथंही मच्छीमारांची वस्ती होती, मेरी मॅग्डलेनचं चर्च होतं. साराभाईंनी बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांची भेट घेतली. चर्च आणि घरं या कामासाठी सोडण्याला गावानं होकार दिला आणि चर्चची इमारत अभियंत्यांची कचेरी झाली. पुढे थुंब्याजवळच्या वेळी नावाच्या टेकडीवर संशोधनाचं केंद्र उभं राहिलं. आमचे पुण्याचे वसंत गोवारीकर तिथं घन इंधनाच्या कामाला लागले आणि नंतर विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एसएलव्ही-३’नं ३५ किलोचा ‘रोहिणी’ कक्षेत ठेवला, तोही तुझ्या लॅम्डासारखाच चार टप्प्यांचा, चारही टप्पे घन इंधनाचे. त्याचंही पहिलं उड्डाण त्याआधीच्या वर्षी फसलं होतं. चर्चची गोष्ट आम्ही अभिमानानं सांगतो, आणि सांगावीच. पण आमच्याच देशात ओडिशातल्या बलियापालला १९८० च्या दशकात क्षेपणास्त्र चाचणीच्या तळासाठी सुपीक जमीन मागितली गेली, तेव्हा लोकांनी रस्ते अडवून सरकारी गाड्या आत येऊ दिल्या नाहीत, वर्षानुवर्षं. तळ तिथं झाला नाही. एकीकडे बिशपांची भेट, दुसरीकडे रस्त्यात आडव्या पडलेल्या बायका. फरक फक्त लोकांच्या स्वभावाचा नसतो, विचारायला कोण आणि कसं गेलं याचाही असतो.

तुझ्या मर्यादाही स्पष्ट बोलायला हव्यात, नाहीतर हे पत्र आरती होईल. वळणांच्या रस्त्यानं अखंड मोठा अग्निबाण वर नेता येत नाही. तो तुकड्यांत आणून माथ्यावरच जोडावा लागतो. द्रवरूप इंधनाचे अवाढव्य अग्निबाण तानेगाशिमाला गेले, आणि ते योग्यच झालं. शिवाय विद्यापीठाच्या अग्निबाणाचा व्यास सुमारे १.४ मीटरपेक्षा जास्त नको, अशी सरकारी मर्यादा होती. ती १९८९ मध्ये उठली. त्यानंतरचा ‘एम-व्ही’ अडीच मीटर जाड, तीस मीटर उंच, वजन सुमारे १४० टन, आणि तरीही संपूर्ण घन इंधनाचा. इतकं सगळं एका कापलेल्या माथ्यावर. लहान जागेमुळे विज्ञानालाही लहान, नेमकं व्हावं लागलं असं काही जण म्हणतात. अर्धं खरं. जागा मोठी असती तर कदाचित आणखी चांगलं विज्ञान झालं असतं. ते आपल्याला कधी कळणार नाही.

‘हायाबुसा’ तुझ्यावरून गेलं ते ज्या लघुग्रहाकडे, त्याला इतोकावांचं नाव दिलं गेलं. ते स्वतः १९९९ मध्ये वारले होते. यानानं तिथले फोटो पाठवल्यावर त्या दगडाच्या भागांना नावं ठेवली: एका प्रदेशाला ‘उचिनौरा’, एकाला ‘ओसुमी’, एका खळग्याला तुझ्या रडारच्या माथ्याचं ‘मियाबारू’, एका धोंड्याला ‘पेन्सिल’. जून २०१० मध्ये यानाची कुपी ऑस्ट्रेलियातल्या वूमेरात उतरली. आणि गंमत अशी की ‘हायाबुसा’ निघून तीन महिने होत नाहीत तोच, २ ऑगस्ट २००३ रोजी, तेहतीस वर्षं मुका फिरणारा ‘ओसुमी’ उत्तर आफ्रिकेवर वातावरणात शिरून जळून गेला.

सध्या तुझे दिवस बरे नाहीत. ‘एम-व्ही’ २००६ मध्ये थांबला. त्याच्या जागी आलेला ‘एप्सिलॉन’ २०१३ मध्ये मोजक्या माणसांनी आणि दोन-चार संगणकांनी उडवून दाखवला, पण ऑक्टोबर २०२२ मधलं त्याचं सहावं उड्डाण फसलं. त्याच्या सुधारित रूपाच्या दुसऱ्या टप्प्याची मोटर जमिनीवरच्या चाचण्यांत दोनदा फुटली, जुलै २०२३ मध्ये नोशिरोला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तानेगाशिमाला. तुझा मंच वाट बघतो आहे. तुझ्या माथ्यावरची ३४ मीटरची थाळी मात्र दूरच्या यानांशी बोलण्याचं काम करत राहते.

आणि आमच्याकडे नेमका आत्ताच एक नवा तळ उभा राहतो आहे. तमिळनाडूत तूतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिनमला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे दक्षिणेला जायचं तर श्रीलंका वाटेत येते, तिला वळसा घालण्यात इंधन जातं, आणि छोट्या अग्निबाणाला ते परवडत नाही. कुलशेखरपट्टिनमहून दक्षिणेकडे सरळ मोकळा समुद्र. तिथून सुटायचा ‘एसएसएलव्ही’ हा मुख्यतः घन इंधनाचा, लहान, झटपट उभा करता येणारा. तुझ्या घराण्यातलाच म्हण ना. जमीन सपाट आहे, म्हणजे डोंगर कापायची वेळ नाही. पण समोरचं पाणी मन्नारच्या आखाताचं, आणि त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या आहेत. उड्डाणं वाढली, खाजगी कंपन्यांचीही आली, की समुद्र बंद ठेवायचे दिवस वाढणार.

म्हणून एक मागणं आहे. तुझ्या मंचाचे, रडारचे, तिरक्या रुळांचे आराखडे आमच्या अभियंत्यांना नकोत; ते काम त्यांना तुझ्याइतकंच येतं. मच्छीमार संघटनांशी झालेल्या त्या जुन्या करारांची कागदपत्रं तुझ्या कचेरीत कुठल्या तरी कपाटात असतील: कोणत्या महिन्यांत किती दिवस, उड्डाण पुढे ढकललं तर खबर कुणी, कशी आणि किती आधी द्यायची, बुडालेल्या दिवसाची भरपाई काय आणि ती कुणी ठरवायची, १९० दिवसांवर येताना दोन्ही बाजूंनी काय सोडलं. त्यांच्या प्रती काढून त्यांचं तमिळ भाषांतर करून घेता आलं तर बघ. एक प्रत इस्रोला आणि एक तिथल्या मच्छीमार संघटनेला, दोघांनाही एकाच दिवशी मिळेल अशी पाठव.

तुझा,
सह्याद्रीच्या पश्चिमेचा एक वाचक